पैसा सांभाळण्याची विद्या

लग्न आणि कॉलेज ह्या दोन बाबतींत आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही. तो आपल्या पायांनी चालत घरी येतो. मुलगी बारावी उत्तीर्ण झाली एवढे कळण्याचा अवकाश, की शेजारचे पेन्शनर, कोपऱ्यावरचा वाणी, एस. टी.त शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ, फार काय, पेढा घ्यावयास थांबलेला पोस्टमनदेखील 'आता पुढे काय?' असा प्रश्न टाकतो व त्याचे उत्तरही स्वतःच देऊन मोकळा होतो. ह्या सल्ल्याची मौज अशी, की देणाऱ्यास त्यापायी एक पैसाही खर्च येत नाही, आणि घेणाऱ्यास त्याची खरी किंमत तीन वर्षांनी कळते. उधारीवर मिळणाऱ्या मालाविषयी आपण जी सावधगिरी बाळगतो, ती ह्या मालाविषयी मात्र कोणी बाळगीत नाही.

गेल्या जूनमध्ये हा माल माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी ढिगाने येऊन पडला. बहीण रोह्यास असते, मी पेणेस. रेल्वेने निघाले तर दोन गावांच्या मध्ये कासू, नागोठणे आणि निडी एवढी तीनच स्टेशने. त्यामुळे तिच्या घरातील कोणताही पेच पेणेस पोहोचावयास फारसा वेळ लागत नाही. भाचीने वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळविले होते व तिला 'फायनान्स'मध्ये जावयाचे होते. आमच्या तरुणपणी ह्या सगळ्या प्रांतास 'बँकेत चिकटणे' असे सुटसुटीत नाव होते, आणि त्यात एक खुर्ची, एक शिक्का व ठरलेल्या वेळी घरी परतण्याची हमी एवढ्या साऱ्या कल्पना सामावत. हल्लीच्या शब्दात मात्र शेअरबाजार, विमा, करव्यवस्था, लेखापरीक्षण, म्युच्युअल फंड असे कितीतरी काही मावते, आणि तो उच्चारणाऱ्या मुलाच्या मनात त्यांपैकी नेमके काय आहे हे कळावयास मार्ग नसतो. म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी विचारले, "फायनान्स म्हणजे तुला काय करावयाचे आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, "मामा, लोकांचा पैसा नीट सांभाळला जातो की नाही, हे पाहावयाचे आहे."

सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे उत्तर मला विलक्षण वाटले. पैसा मिळवावयाचा आहे, असे ती म्हणाली असती तर मला काहीच वाटले नसते. त्या वयात ते स्वाभाविकच आहे. परंतु दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याची हौस ही निराळ्या जातीची आहे. ती कोठून उगवली असावी, ह्याचा उलगडा मला पुढे झाला. तो यथाकाल येईलच.

पेच होता तो असा. घरून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर रोह्याचे वाणिज्य महाविद्यालय. आणि दुसरीकडे मुंबईचे, चर्चगेटजवळचे सिडनहॅम. दोन्हीकडे अर्ज करण्याजोगे गुण तिच्यापाशी होते. माझे मेहुणे धाटावच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांनी मुलीच्या नावाने काही रक्कम वर्षानुवर्षे बाजूस टाकलेली. मुंबईस ठेवावयाचे तर राहणे, खाणे, जाणे-येणे ह्यांत ती तीन वर्षांत बहुतेक आटोपणार, असा त्यांचा हिशेब. तरीही त्यांचा ओढा मुंबईकडे होता. बहिणीचा ओढा रोह्याकडे. आणि ज्या वेळी नवरा-बायकोचे मत जुळत नाही, त्या वेळी मुलीच्या मामास पंच नेमण्याची आपली फार जुनी वहिवाट आहे.

मेहुण्यांचा पक्ष असा होता, की विद्येस स्थानमाहात्म्य असते. सिडनहॅमची स्थापना १९१३ सालची. व्यापार ही शिकवावयाची वस्तू आहे, ती पेढीवर बसून आपोआप येत नाही, ही कल्पनाच ज्या काळी ह्या देशास नवी होती, त्या काळी ते निघाले. आशिया खंडातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. १९१८ ते १९२० ह्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या पगारातून पैसे शिल्लक टाकून ते लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करावयास परत गेले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ बाहेर आला. "अशा भिंतींमध्ये तीन वर्षे नुसते वावरले तरी माणूस बदलतो," असे मेहुणे म्हणाले. भिंतींच्या अंगी एवढे सामर्थ्य असते तर कॉलेजातील शिपाई व खानावळवाले केव्हाच पंडित झाले असते, असे माझ्या ओठांवर आले होते. पण मुलीच्या बापाच्या उत्साहावर पाणी ओतणे हे मामाचे काम नव्हे, म्हणून मी ते गिळले.

बहिणीच्या भात्यात ह्याहून धारदार बाण होता. रोह्याच्या त्या वाणिज्य महाविद्यालयास नाव आहे ते डॉ. चिंतामणराव देशमुखांचे. "दादा, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर ह्या आमच्या गावचा," ती म्हणाली, "आणि तो कुठल्या कॉमर्स कॉलेजात गेला होता, ते सांग बघू मला!"

प्रश्न बिनतोड होता. चिंतामणरावांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, १४ जानेवारी १८९६ चा; वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र ह्यांचा. १९१८ साली आय. सी. एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. ज्या माणसाने १९४३ ते १९४९ ह्या काळात रिझर्व्ह बँकेचे सुकाणू धरले, १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानची बाजू मांडली, ज्याच्या कारकीर्दीत १ जानेवारी १९४९ रोजी ती बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि जो १९५० ते १९५६ पर्यंत देशाचा अर्थमंत्री होता, त्याने पदवीसाठी अभ्यासिली होती ती पाने, फुले आणि खडक! दोन निरनिराळ्या वाणिज्य महाविद्यालयांमध्ये निवड करण्याची अडचण त्यास कधी पडलीच नाही, कारण तो त्यांपैकी एकाच्याही पायरीवर चढला नाही.

बहिणीचा चेहरा विजयाने उजळला. परंतु थोर माणसांची उदाहरणे ही दुधारी असतात; ज्याच्या हाती मूठ असते त्यासही ती कापतात. चिंतामणरावांचे नाव घेऊन मुलीस रोह्यात ठेवावयाचे, तर ते स्वतः रोह्यात राहिले होते काय? ते मुंबईस गेले, तेथून सातासमुद्रांपलीकडे गेले, आणि त्यांचे नाव रोह्यास परत आले ते कॉलेजच्या पाटीवर. जो गाव सोडून मोठा झाला त्याचा दाखला गावात राहण्यासाठी द्यावयाचा, हा तर्कशास्त्रातील नवाच अलंकार म्हणावा लागेल. शिवाय, असा बुद्धिमान पुरुष वनस्पतिशास्त्र शिकूनही खजिना सांभाळू शकला, ह्यावरून सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याने कोठेही काहीही शिकले तरी चालते, हा निष्कर्ष निघत नाही. सुळक्यावर फडकणारे एक निशाण पाहून पायवाटेच्या रुंदीचा अंदाज करता येत नसतो.

मी हे बोलून दाखविताच बहिणीने दुसरे नाव काढले. माझ्याच तालुक्यातले. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. म्हणजे ते चिंतामणरावांहून जेमतेम चार महिन्यांनी वडील. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस जावयास निघालेला हा विद्यार्थी सुरतेस उतरला व परीक्षा वाऱ्यावर सोडून काशीच्या गाडीत बसला. "त्यांचे काय अडले कॉलेजवाचून?" बहीण म्हणाली.

हा प्रश्न वादात टिकणारा नव्हता, कारण भाचीला संत व्हावयाचे नव्हते, हिशेबनीस व्हावयाचे होते. पण त्या रात्री पेणेस परतताना गाडीत बसल्या बसल्या ही दोन नावे माझ्या मनातून जाईनात. तेव्हाच्या एकाच कुलाबा जिल्ह्यात, एकाच वर्षाच्या आतबाहेर दोन मुले जन्मास आली. एकाची सही देशातील प्रत्येकाच्या खिशातील नोटेवर छापली गेली. दुसऱ्याने पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग मांडून नोटेस जीवनातून हद्दपार करता येते काय, हे पाहिले. ह्याहून मोठा विरोध कल्पनेतही आणता येणार नाही. तरीही दोघांत एक विलक्षण साम्य आहे. दोघेही हिशेबाचे अत्यंत कडक. चिंतामणरावांच्या बाबतीत ते सांगावयास नको. पण कातण्याच्या मजुरीत माणसाचे पोट भरते की नाही हे स्वतः तेवढ्याच मजुरीवर जगून पाहणारे विनोबाही काही कमी काटेकोर नव्हते. पैशाच्या मागे लागणारा बहुधा हिशेबास भितो, असा माझा अनुभव आहे. पैशास घाबरत नाही आणि भुलतही नाही, तोच हिशेब सरळ मांडू शकतो. हा गुण कोणत्या महाविद्यालयात शिकवितात?

येथे मला पेणेविषयी थोडे लिहिले पाहिजे. बाहेरच्या जगास पेण ठाऊक आहे ती गणपतींची. जूनमध्ये आमच्या गल्ल्यांतून जावे तर कारखान्या-कारखान्यांत बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगा उभ्या असतात. परंतु २०१० सालानंतर ज्यांनी पेणेचे नाव वर्तमानपत्रांत वाचले, त्यांना ते दुसऱ्याच कारणाने आठवत असेल. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. बनावट कर्जखात्यांचे आरोप झाले, चौकश्या झाल्या, प्रकरण न्यायालयांत गेले, ठेवीदारांनी संघर्ष समिती स्थापून वर्षानुवर्षे मोर्चे काढले. कोणाचा अपराध किती, हे ठरविणे न्यायसंस्थेचे काम. मी त्यात शिरत नाही. मी सांगतो आहे ते एवढेच, की त्या दिवसापासून आमच्या भागात 'पासबुक' ह्या शब्दाचा अर्थ पालटला. तोपर्यंत पासबुकातील आकडा म्हणजे पैसाच अशी लोकांची समजूत होती. तो पैसा नसून कोणीतरी दिलेले वचन आहे, हे त्या सप्टेंबरात कळले.

विचार केला तर सगळे अर्थव्यवहार वचनांचेच बनलेले आहेत. नोटेवरदेखील तेवढी रक्कम देण्याचे वचन छापलेले असते व त्याखाली गव्हर्नर सही करतो. रोह्याच्या मुलाने आपली सही केली ती ह्याच वचनाखाली. विम्याचा कागद हे वचन, कर्जरोखा हे वचन, निवृत्तिवेतन हे वचन. जो ह्या धंद्यात जातो तो वस्तू बनवीत नाही, धान्य पिकवीत नाही. लोकांनी एकमेकांस दिलेली वचने पाळली जातात की नाहीत, हे तो पाहतो. किंवा, पाहावयाचे सोडून देतो.

माझी भाची २०१० साली दोन-तीन वर्षांची होती. तिला त्यातले प्रत्यक्ष काही आठवणे शक्य नाही. परंतु आमच्याकडची मुले त्या गोष्टी ऐकतच वाढली. ओटीवर, लग्नाच्या पंगतीत, एस. टी.च्या थांब्यावर तोच विषय. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, मी आठवीत असताना मला एक प्रश्न पडला होता. ठेवींचा विमा होता ना? मग लोकांना पैसे का मिळाले नाहीत?" तिने त्याचे उत्तर शोधून काढले होते, आणि ते तिने मला एखाद्या मास्तरणीप्रमाणे समजावून दिले. विमा होता, पण १९९३ सालापासून त्याची मर्यादा दर ठेवीदारामागे एक लाख रुपये एवढीच होती. आणि ती रक्कमही बँकेवर नुसते निर्बंध आले म्हणून मिळत नसे, बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघावी लागे. बँक मेली तर ठेवीदारास काहीतरी मिळावयाचे. ती अंथरुणास खिळून राहिली, तर काहीच नाही. २०२० साली ही मर्यादा पाच लाखांवर गेली, आणि २०२१ साली कायदा दुरुस्त होऊन निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. "म्हणजे हे करता येत होते," ती म्हणाली. "दहा वर्षे अगोदरही करता आले असते. कोणीतरी बसून विचार करावयास हवा होता."

त्या वाक्याने माझ्यापुरता प्रश्नाचा निकाल लागला. रोह्याचा की मुंबईचा, हा निकाल नव्हे. ह्या मुलीच्या बाबतीत काय तपासावयाचे, ह्याचा. प्रश्न तिच्यापाशी आधीच होता. कॉलेजाने त्या प्रश्नास खतपाणी घालावे, निदान तो मारू नये, एवढीच अपेक्षा. मी तिला म्हटले, "दोन्ही कॉलेजांत जाऊन ये. इमारत पाहू नकोस. ग्रंथालयात बस आणि कोण काय वाचतो ते बघ. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे एखाद्या बँकेचा वार्षिक ताळेबंद ठेव आणि विचार, ह्यात घाबरण्यासारखे काय आहे? ज्या कॉलेजात तुला ह्याचे उत्तर ऐकू येईल, ते चांगले."

ती गेली. चार दिवसांनी परत आली ती एक वही घेऊन. वहीत तिने दोन्ही कॉलेजांची खतावणी मांडली होती. उजव्या पानावर एक, डाव्या पानावर एक. मुंबईच्या पानावर जमेस पुष्कळ होते. अनेक ठिकाणांहून आलेली हुशार मुले, त्यांच्याशी होणारी चढाओढ, इंग्रजीत बोलावयाची सवय, हाकेच्या अंतरावर शेअरबाजार आणि रिझर्व्ह बँक. "तिथे मला माझ्यापेक्षा हुशार माणसे रोज भेटतील," ती म्हणाली. आणि हे ती कौतुकाने म्हणाली, भीतीने नव्हे, ह्याची मी मनात नोंद केली. रोह्याच्या पानावर जमेची कलमे थोडी होती: घरचे जेवण, वाचणारा वेळ, नावानिशी ओळखणारे शिक्षक. ह्या दोन पानांवरून कोणीही मुंबईच निवडली असती.

पण तिने तिसरे पान लिहिले होते. तिला चार्टर्ड अकाउंटंट व्हावयाचे होते, आणि ती परीक्षा कॉलेज घेत नाही. १९४९ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था ती घेते. प्रश्नपत्रिका रोह्याच्या मुलीस व चर्चगेटच्या मुलीस एकच. पहिली पायरी बारावीनंतर देता येते, दुसरी पदवीचा अभ्यास चालू असता. त्यानंतर एखाद्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली उमेदवारी. ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची असे, २०२३ पासून ती दोन वर्षांची झाली. "खरी विद्या तिथे आहे, मामा. दुसऱ्याचे हिशेब तिथे उघडून बघायला मिळतात. चांगली उमेदवारी करायची तर मुंबई हवी, आणि तिथे मिळणारा भत्ता मुंबईत राहायला पुरणार नाही. बाबांनी ठेवलेले पैसे मी आज खर्च केले, तर ज्या दोन वर्षांत मुंबई खरी हवी, त्या दोन वर्षांत हातात काही राहणार नाही."

मी वही मिटली. पैसा किती आहे ह्याहून तो केव्हा लागणार आहे हे पाहणे, ह्यालाच तर हा धंदा म्हणतात! तिचा बाप कॉलेजच्या नावाचा विचार करीत होता, आई अंतराचा. मुलीने काळाचा विचार केला.

तरीसुद्धा माझ्या मनात एक शंका होती, आणि ती तिच्या आईवडिलांपुढे काढावयास मला जड जात होते. आपल्या घरांतून मुलीच्या नावाने बाजूस ठेवलेला पैसा हा मोठा चमत्कारिक पैसा असतो. त्यास दोन नावे असतात. मुलगी लहान असते तोवर तो 'शिक्षणाचा' असतो; तिला एकविसावे वर्ष लागले, की कोणासही न विचारता त्याचे नाव बदलते आणि तो 'लग्नाचा' होतो. आज मुंबईस खर्च केला तर तो शिक्षणात गेला, एवढे तरी निश्चित. तीन वर्षे जपून ठेवला, तर त्या वेळी तो पैसा उमेदवारीसाठी शिल्लक असेल, की सराफाकडे जाऊन बांगड्यांच्या रूपाने परत आलेला असेल, हे कोणी सांगावे? हिशेबाच्या दृष्टीने थांबणे शहाणपणाचे होते. घरांचा अनुभव विचारला, तर तो थांबू नको म्हणत होता. किती मुलींचे पुढचे शिक्षण असे केवळ नाव बदलल्याने बुडाले असेल! त्यात कोणी अफरातफर केलेली नसते. सगळे प्रेमानेच केलेले असते, आणि म्हणूनच त्यावर कोठे दाद मागता येत नाही.

मी हे तिला एकटीला गाठून सांगितले. ती हसली. "ते कलम आहे," ती म्हणाली, आणि तिने वहीचे शेवटचे पान उघडले.

त्या पानावर तिच्या अटी होत्या. रोह्याच्या कॉलेजात ती जाईल; परंतु ठेवलेली रक्कम तिच्या एकटीच्या नावावर, मुदतठेवीत, तीन वर्षांसाठी जावयाची. ती अठरा वर्षांची झाली होतीच. सही तिची चालणार होती. कोणत्याही एका बँकेत व्याजासुद्धा पाच लाखांहून अधिक ठेवावयाचे नाही, कारण विमा तेवढ्याचाच. मुदत संपेपर्यंत लग्नाचा विषय ह्या रकमेशी जोडून काढावयाचा नाही. आणि पदवीनंतर मुंबईस जाण्यास कोणी हरकत घ्यावयाची नाही, मग त्या वेळी घरात काहीही अडचण असो. खाली आईवडिलांच्या सह्यांसाठी जागा सोडली होती. साक्षीदार म्हणून एक ओळ माझ्यासाठीही होती.

बहीण ते वाचून दुखावली. "आमच्यावर विश्वास नाही का तुझा?" तिने विचारले. कोणत्याही आईने हाच प्रश्न विचारला असता. भाचीने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. ती म्हणाली, "आई, विश्वास आहे म्हणूनच लिहून मागते. नसता, तर आत्ताच घेऊन गेले असते." मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. ते कारखान्यात माणसांच्या पाळ्या लावतात, आणि शब्दाची व कागदाची किंमत त्यांना माहीत आहे. त्यांनी पेन मागितले. बहिणीने मागाहून सही केली, पण केली.

निर्णय झाला, आणि घरातील दोघेही वडील माणसे, माझ्या समजुतीप्रमाणे, चुकीच्या कारणाने हलली. बहीण आनंदली ती मुलगी डोळ्यांसमोर राहणार म्हणून; ही तीन वर्षे मुंबईची तयारी आहे, हे तिच्या अजून ध्यानात यावयाचे आहे. मेहुणे खट्टू झाले ते एक मोठे नाव हातचे गेले म्हणून. आपल्या मुलीने आपल्या पैशाचा त्या नावाहून चांगला उपयोग शोधला, हे त्यांनाही यथावकाश उमजेल. मुलीने गमावले ते काय, हे तिला ठाऊक आहे. आपल्याहून हुशार माणसांच्या सहवासाची तीन वर्षे ही काही लहान रक्कम नव्हे, आणि ती कोणत्याही मुदतठेवीतून व्याजासह परत येत नाही. तिने ती नावे टाकली आहे, लपवून ठेवलेली नाही. ताळेबंद खरा असावयास तो नफ्याचाच असावा लागतो असे नाही. त्यात तोटा तोट्याच्याच जागी लिहिलेला असावा, एवढे पुरे.

हा निर्णय बरोबर ठरेल का? मला असे कोणी विचारले, म्हणजे मी उलट विचारतो, की बरोबर ठरणे म्हणजे काय? त्याच वेळी दुसऱ्या वाटेने गेलेली दुसरी तीच मुलगी आपणास कोठे भेटणार आहे, की दोघींची तुलना करावी? चिंतामणराव वनस्पतिशास्त्रज्ञ झाले असते तर, विनोबा सुरतेस न उतरता मुंबईस जाऊन परीक्षेस बसले असते तर, ह्या प्रश्नांची उत्तरे जशी कोणाजवळ नाहीत, तशीच ह्याही प्रश्नाचे नाही. निवड करताना हाती असते ती केवळ निवडण्याची रीत. ज्ञात असलेले सगळे कागदावर मांडले, अप्रिय कलम वगळले नाही, दुसऱ्याने दिलेले वचन लिहून घेतले आणि आपले वचन लिहून दिले, तर पुढे जे होईल ते होवो. ती निवड प्रामाणिक होती असे म्हणता येते. पैसा सांभाळण्याची विद्या म्हणून जी म्हणतात, ती तरी ह्याहून निराळी काय असावयाची? आमच्या भागातील हजारो घरांतून जे पासबुक अजून कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेले आहे, त्यास ह्या एवढ्याशा विद्येचीच वाण पडली होती. पदवीधरांची वाण तेव्हाही नव्हती.